आधी तो ‘बाय’ नीट बघा

गाइड मिटा, पेन खाली ठेवा आणि इकडे बघा. इंग्रजीचे पेपर तपासून झालेत. मार्क तासाच्या शेवटी कळतील. त्याआधी मी जे बोलणार आहे ते मार्कांपेक्षा महत्त्वाचं आहे आणि ते ऐकायला तुम्हाला गोड लागणार नाही.

निबंधात तुम्ही वाक्प्रचारांची नुसती खैरात केली आहे. ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’, ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’, ‘बाय अँड लार्ज’, ‘बाय ऑल मीन्स’. पेपरामागून पेपर तेच, आणि गाइडात ज्या क्रमाने छापलेत त्याच क्रमाने. विषय आई असो, पाऊस असो की क्रिकेट, यादी ठरलेली. कोणी सांगितलं तुम्हाला की वाक्प्रचार टाकला की मार्क वाढतात? जागेवर बसला तर वाढतात. न बसलेला वाक्प्रचार तपासणाऱ्याला एवढंच सांगतो की या मुलाने वाक्य लिहिताना विचार केलेला नाही.

आणि विचारलं की उत्तर तयार असतं: ‘मॅडम, बायहार्ट केलंय.’ बायहार्ट केलंय! अरे, असं क्रियापद प्रमाण इंग्रजीत नाही. तिथे ‘लर्न बाय हार्ट’ म्हणतात. शिकणं हे काम, आणि ‘बाय हार्ट’ ही ते काम करण्याची रीत. चौदाव्या शतकात चॉसरने लिहिलं तेव्हापासून ‘बाय हार्ट’ याच अर्थाने चालत आलं आहे. तुम्ही त्यातलं शिकणं काढून टाकलंत आणि उरलेले दोन शब्द धरून बसलात. तुमच्या सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. अख्खा वाक्प्रचार पाठ होतो, पण त्याच्या तोंडाशी उभा असलेला ‘बाय’ तिथे काय करतोय, हे तुम्ही एकदाही बघत नाही. दोन अक्षरांचा शब्द, त्यात काय बघायचं, असं तुम्हाला वाटतं. त्या दोन अक्षरांनीच तुमची वाक्यं पाडली आहेत.

एक वाक्य फळ्यावर लिहिते. कोणाचं ते सांगणार नाही, ज्याचं आहे त्याला कळेल. ‘माय मदर रन्स अवर हाउस बाय द स्किन ऑफ हर टीथ.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की आई फार कष्टाने घर चालवते. भावना खरी आहे, म्हणूनच मला जास्त राग आला. या वाक्प्रचाराचा अर्थ कष्ट नाही. अर्थ आहे थोडक्यात बचावणं, अगदी काठावर निभावणं. गाडी सुटता सुटता पकडली, एका मार्काने पास झालो, तिथे हा वाक्प्रचार चालतो. तो एका प्रसंगाचा, एका निसटत्या क्षणाचा आहे. आईची वीस वर्षं त्यात कशी बसतील?

हा शब्दप्रयोग आला बायबलमधून, ईयोबाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून. सगळं गमावलेला ईयोब आपण दातांच्या कातडीनिशी सुटल्याचं सांगतो. दातांना कातडी कुठली? म्हणजे सुटका किती निसटती होती ते बघा. आता एक बारकावा टिपून घ्या. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये इथे ‘बाय’ नाही, ‘विथ’ आहे. आज मात्र लोक ‘बाय’ म्हणतात, आणि तो चपखल बसतो, कारण किती फरकाने ते सांगण्याचं काम ‘बाय’ करतो. ‘वी वन बाय टू रन्स’, ‘मिस्ड द ट्रेन बाय अ मिनिट’. हे एवढं कळलं असतं तर तो ‘बाय’ आईच्या वाक्यात आलाच नसता. त्या मुलाने ‘शी रन्स अवर हाउस ऑन व्हेरी लिटल मनी’ असं साधं लिहिलं असतं, तर मी पूर्ण मार्क दिले असते.

आता तुमच्या सबबी. पहिली सबब: आम्ही मराठी माध्यमाचे, आम्हाला हे कसं जमणार? ही सबब मी आजपासून ऐकून घेणार नाही. तुमची मराठीच तुम्हाला हे शिकवू शकते. ‘डोक्यात जाणं’, ‘डोक्यावरून जाणं’, ‘डोक्यावर बसणं’, ‘डोक्यावर घेणं’. डोकं तेच आहे. मागे ‘त’ लागला, ‘वरून’ लागलं, ‘वर’ लागलं की सगळा अर्थ फिरतो. गणिताचा तास डोक्यावरून गेला, हे म्हणताना तुम्ही चुकून तो डोक्यात गेला असं म्हणत नाही. ‘हाताखाली’ आणि ‘हाताबाहेर’ यांत तुमची गल्लत होत नाही. परीक्षा ‘तोंडावर’ येते, ‘तोंडी’ही असते, आणि त्यातला फरक तुम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. हे सगळं कोणत्या गाइडातून पाठ केलंत? कुठल्याच नाही. माणसांच्या तोंडून, प्रसंगासकट, पुरत्या वाक्यांत ऐकलंत. मराठीत हे काम करणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामानंतर चिकटून येतं, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या आधी सुटा उभा राहतो. जो कान तुम्ही मराठीला देता, तो इंग्रजीला दिलेला नाही, हा तुमचा दोष आहे. माध्यमाचा नाही.

मराठीमुळे अडचण होते ती वेगळ्या ठिकाणी, आणि ती जागा तुम्हाला दाखवून ठेवते. ‘रामाने दगडाने खिडकी फोडली.’ या वाक्यात ‘ने’ दोनदा आहे. रामालाही ‘ने’, दगडालाही ‘ने’. मराठीत कर्ता आणि साधन एकाच प्रत्ययावर निभावतात. इंग्रजीत निभावत नाहीत. फोडणाऱ्याला ‘बाय’ आणि हातातल्या वस्तूला ‘विथ’. म्हणून ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय राम विथ अ स्टोन.’ तुम्ही कर्मणी प्रयोग करताना दोन्हीकडे ‘बाय’ ठोकून दिलात, कारण शेवटी ‘बाय’ लावायचा एवढंच लक्षात ठेवलंत. डोंगरावरून दगड आपोआप सुटून आला आणि काच फुटली, तर ‘बाय अ स्टोन’ बरोबर आहे, कारण तिथे दगडाला कोणी हातात धरलेलं नाही. कोणी काय केलं आणि कशाने केलं, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे शब्द ठरत नाहीत.

दुसरी जागा आपल्या ‘पर्यंत’ची. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे.’ पहिल्यात शुक्रवार ही शेवटची मुदत आहे, काम त्याआधी केव्हाही उरकलं तरी चालेल. दुसऱ्यात एकच स्थिती शुक्रवार येईतो सलग चालू आहे. मराठी दोन्हीला ‘पर्यंत’ म्हणते. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ आणि दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. नोकरीच्या अर्जाच्या प्रश्नात तुमच्यापैकी कित्येकांनी ‘आय विल कम्प्लीट द वर्क टिल मंडे’ लिहिलं. वाचणाऱ्याला कळत नाही की काम सोमवारी हातात मिळणार, की सोमवारपर्यंत नुसतं चालूच राहणार.

इथे तुमची दुसरी सबब येते: चुकलं तरी समजतं ना, मॅडम. नाही समजत. पुढची दोन वाक्यं बघा. ‘फीज हॅव गॉन अप बाय टेन थाउजंड.’ आणि ‘फीज हॅव गॉन अप टू टेन थाउजंड.’ पहिल्यात फी दहा हजारांनी वाढली, दुसऱ्यात ती दहा हजारांवर गेली. फी आधी आठ हजार असेल, तर पहिल्या वाक्याने तुमच्या वडिलांना अठरा हजार भरावे लागतील आणि दुसऱ्याने दहा. एका शब्दावर आठ हजार रुपये उभे आहेत. बँकेचं पत्र, कंपनीचा करार, दवाखान्याची सूचना, सगळीकडे असेच शब्द असतात. ते तुम्हाला वाचता आले पाहिजेत, म्हणून मी एवढी मागे लागते.

तिसरी सबब मोबाइलची. मोबाइल भाषांतर करून देतो, मग एवढं कशाला? मोबाइलवर आलेलं वाक्य बरोबर आहे की नाही, हे ठरवायला तुम्हालाच भाषा यावी लागते. न वाचता उतरवून घेतलेलं वाक्य तुमचं नाही. समोरच्याने एक उलट प्रश्न विचारला की ते उघडं पडतं.

आता हा ‘बाय’ आहे तरी कोण, ते ऐका. तो जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ जवळ, शेजारी. ‘अ हाउस बाय द रिव्हर’ म्हणजे नदीकाठचं घर. ‘ही वॉक्ड बाय’ म्हणजे तो शेजारून निघून गेला. क्रिकेटमधली बाय तुम्हाला चांगली ठाऊक आहे. चेंडू बॅटला लागत नाही, अंगाला लागत नाही, फलंदाजाच्या शेजारून निघून जातो आणि धावा निघतात. शेजारून जाण्याचा हा अर्थ पुढे वाटेला लागला: ‘बाय रोड’, ‘बाय सी’. वाटेवरून साधनावर आला: ‘बाय ट्रेन’, ‘बाय पोस्ट’, ‘बाय हँड’. साधनावरून काम करणाऱ्यावर आला, तो तुमच्या कर्मणी प्रयोगातला. ज्याच्या आधाराने काम चालतं ते माप किंवा नियम सांगायलाही तोच लागतो: ‘पेड बाय द अवर’, ‘सोल्ड बाय द किलो’, ‘बाय द बुक’. तुम्ही घरात ‘दहा बाय दहाची खोली’ म्हणता, तिथेही तो मापच सांगतो. आणि ‘वन बाय वन’, ‘लिटल बाय लिटल’, ‘डे बाय डे’ या जोड्या म्हणजे आपलं एकेक, हळूहळू, दिवसेंदिवस. जवळ, वाट, साधन, कर्ता, माप, मुदत. समोर ‘बाय’ आला की यातला कोणता, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा.

‘बाय द बुक’चंच घ्या. परीक्षेचा अभ्यास पुस्तकातून केला म्हणून एकीने ‘आय स्टडीड बाय द बुक’ लिहिलं. इथला ‘बाय’ मापाचा, नियमाचा आहे. नियमावर बोट ठेवून, तसूभरही न ढळता काम करणं म्हणजे ‘बाय द बुक’. पुस्तकातून अभ्यास केला, तर ‘फ्रॉम द बुक’.

साधनाचा ‘बाय’ असेल तर त्याच्यापुढे ‘अ’, ‘द’, ‘माय’ यांतलं काही येत नाही. ‘बाय कार’ बरोबर, पण काकांच्या गाडीतून आलात तर ‘इन माय अंकल्स कार’. आणि ‘आय कम टू स्कूल बाय वॉक’ हे वाक्य मला या वर्गात पुन्हा दिसता कामा नये. चालणं हे वाहन नाही. ‘ऑन फूट’ लिहा, नाहीतर सरळ ‘आय वॉक टू स्कूल’ लिहा.

दिसायला सारखे म्हणून सगळे ‘बाय’ एका घरचे समजू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वडील ‘बायलॉज’ म्हणतात, त्यातला ‘बाय’ मुळात नॉर्स भाषेतला, गाव या अर्थाचा. इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांच्या शेवटी तोच शब्द बसला आहे. आणि निरोपाचा ‘गुडबाय’ आला ‘गॉड बी विथ यू’ यातून. अंदाज बांधून चालत नाही, कोश उघडावा लागतो.

आता ज्या वाक्प्रचारांवर तुम्ही एवढा भरवसा ठेवलात ते बघू. ‘बाय अँड लार्ज’ ही शिडाच्या जहाजावरची भाषा. जहाज वाऱ्याला जेमतेम तोंड देत, त्याच्या शक्य तितकं जवळून हाकारलं की ते ‘बाय द विंड’. वारा पाठीकडून, सोयीच्या कोनातून मिळाला की ‘लार्ज’. दोन्ही तऱ्हांनी चांगलं चालणारं जहाज ‘बाय अँड लार्ज’ चांगलं. त्यावरून अर्थ झाला एकंदरीत, सगळं धरून. म्हणजे थोडे अपवाद गृहीत आहेत. आणि तुम्ही लिहिता, ‘बाय अँड लार्ज हंड्रेड पर्सेंट स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.’ एकंदरीत म्हटलं की शंभर टक्के उरत नाहीत. दोन्ही शब्द एका वाक्यात टाकताना तुम्हाला काहीच खटकलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘बाय ऑल मीन्स’ तुम्ही वाटेल ते करून या अर्थाने वापरलंत. ‘आय विल बाय ऑल मीन्स बिकम अ डॉक्टर.’ आज हे शब्द मुख्यतः परवानगी देताना येतात. कोणी विचारलं, ‘मे आय सिट हिअर?’ तर उत्तर ‘बाय ऑल मीन्स’, अवश्य बसा. आणि ‘बाय नो मीन्स’ म्हणजे मुळीच नाही. दिसायला जोडी आहे, पण कामं वेगळी आहेत.

‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ने तर कहर झाला. निरोप समारंभाच्या भाषणात एकाने लिहिलं की आमच्या मुख्याध्यापकांनी शाळा ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ मोठी केली. त्याला म्हणायचं होतं, अथक प्रयत्नाने. त्याने म्हटलं, भल्याबुऱ्या मार्गाने, मिळेल त्या उपायाने. ज्या माणसाने आयुष्य शाळेला दिलं, त्याच्यावर भर सभेत हा आरोप झाला असता. काहींनी क्रुक म्हणजे चोर असा खुलासाही केला आहे. इथला क्रुक म्हणजे टोक वाकवलेली काठी, मेंढपाळाच्या हातात असते ती. या शब्दांच्या उगमाची एक गोष्टही एका पेपरात आहे: आयर्लंडमध्ये वॉटरफर्डजवळ हुक आणि क्रुक अशी दोन ठिकाणं आहेत आणि क्रॉमवेलने त्यांवरून हे म्हटलं. क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला १६४९ मध्ये. हा शब्दप्रयोग इंग्रजी लेखनात चौदाव्या शतकापासून सापडतो. मग तो क्रॉमवेलने कसा घडवला? वाळकं लाकूड आकडीने ओढून न्यायच्या हक्कावरून तो आला, असंही सांगतात, पण तेही पुराव्याने सिद्ध झालेलं नाही. चटकदार गोष्ट समोर आली की सालं ताडून बघा. इतिहासाच्या तासाला शिकता ते इंग्रजीच्या तासाला विसरायचं नसतं.

अर्थ बदलतातही. ‘बाय अँड बाय’ म्हणजे आज थोड्या वेळाने. किंग जेम्स बायबलच्या काळात त्याचा अर्थ ताबडतोब असा होता. म्हणून जुन्या यादीतून उचललेला अर्थ आजच्या वाक्यात चिकटवून भागत नाही, शब्द आज कसा वापरतात ते बघावं लागतं.

ते बघायची सोय तुमच्या हाताशी आहे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये मुलांना इंग्रजी शिकवत. परभाषेतल्या मुलाला शब्दाचा अर्थ कळून पुरत नाही, तो शब्द कोणासोबत आणि कोणत्या रचनेत येतो हे दाखवावं लागतं, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह एक कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. आज आपण त्याला ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणतो. आपल्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे आणि तिची पानं अजून करकरीत आहेत. तुमच्यासारख्यांसाठी एवढी मेहनत केलेला कोश तुम्ही उघडूनही बघत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं. रोज मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, शिकवणी नव्हती. पण ते वाक्यं शिकत होते, तुम्ही याद्या शिकता.

याद्या आजपासून बंद. गाइडातली वाक्प्रचारांची पानं मला वर्गात दिसता कामा नयेत. धड्यात, वर्तमानपत्रात, क्रिकेटच्या समालोचनात, जिथे ‘बाय’ येईल तिथलं अख्खं वाक्य वहीत उतरवा. कोण कोणाला म्हणतंय आणि तिथला ‘बाय’ काय सांगतोय, जागा, वाट, साधन, कर्ता, माप की मुदत, हे शेजारी मराठीत लिहा. मग कोश उघडून ताडून बघा. वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या वाक्यांत भेटल्याशिवाय तो आपल्या निबंधात घ्यायचा नाही. थोडे येऊ देत, पण जे येतील ते पक्के येऊ देत.

मार्कांचं धोरणही सांगून ठेवते. वाक्प्रचार वापरला नाही म्हणून मी एकही मार्क कापणार नाही. न समजता वापरला तर कापीन, मग तो कितीही भारदस्त दिसो. पुढच्या चाचणीत एकही वाक्प्रचार नसलेला, पण प्रत्येक शब्दयोगी अव्यय जागेवर असलेला निबंध मी सगळ्यात वर ठेवीन आणि वर्गात वाचून दाखवीन.

आता पेपर घ्या. चुकलेल्या ‘बाय’खाली मी फक्त लाल रेघ मारली आहे, चूक काय ते लिहिलेलं नाही. ते तुम्ही शोधायचं, कारण दुसऱ्याने दुरुस्त करून दिलेलं वाक्य लक्षात राहत नाही. प्रत्येक रेघेखाली काय म्हणायचं होतं, काय म्हटलं गेलं आणि बरोबर वाक्य कोणतं, हे तिन्ही लिहून काढा. वह्या शुक्रवारपर्यंत माझ्या टेबलावर हव्यात. शनिवारी आलेली वही मी घेणार नाही.